छतावरचं सोलर: विकत घ्यावं की भाड्यानं?

सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या घरावर 3 किलोवॅटचं सोलर आहे. शेजारच्या काकांना आता एक जण 'एक रुपया न भरता' भाडेकरारावर पॅनेल लावून देतो म्हणतोय. त्यांच्याशी जे बोललो तेच इथे लिहितो.

विकत घेतलं तर पंतप्रधान सूर्यघर योजनेचं अनुदान तुमच्याच खात्यात येतं: पहिल्या 2 किलोवॅटला प्रत्येकी 30,000, तिसऱ्याला 18,000, जास्तीत जास्त 78,000 रुपये. विक्रेता मात्र योजनेत नोंदलेला हवा आणि पॅनेल, त्यातले सेलसुद्धा, भारतात बनलेले हवेत.

खरी मेख वॉरंटीत आहे. '25 वर्षं' ऐकून लोक सही करतात. ती वॉरंटी पॅनेल किती वीज देईल याची. इन्व्हर्टरची वेगळी आणि बरीच कमी. आमचा इन्व्हर्टर आठव्या महिन्यात बंद पडला, आणि बिलावर त्याचा सिरीयल नंबरच नव्हता. तीन आठवडे हेलपाटे घातले. तेव्हा पॅनेल वर चढवण्याआधी मागच्या स्टिकरचे फोटो काढा, सगळे नंबर बिलावर लिहून घ्या. गावभागात, नदीकडच्या बाजूला राहत असाल तर इन्व्हर्टर पोर्चमध्ये खाली लावू देऊ नका. 2019 चं पाणी आठवा. पुरात भिजलेल्या इन्व्हर्टरला वॉरंटी सहसा लागू होत नाही.

भाड्यात बिघाड झाला तर दुरुस्ती कंपनीकडे, हे मोठंच सुख. पण वरचा मजला चढवायचा झाला तर पॅनेल काढून परत बसवायचा खर्च कुणाचा? घर विकलं तर? भाडं दरवर्षी किती वाढणार, अनुदानाचा फायदा दरात उतरलाय का, मुदत संपल्यावर पॅनेल कुणाचं? हे सगळं लेखी हवं.

काकांच्या करारात एक ओळ होती: मधेच सोडल्यास उरलेल्या सर्व वर्षांचं भाडं एकरकमी. भाड्यानं घेणाराही कायद्यानं ग्राहकच आहे, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात असा अवाजवी दंड 'अन्याय्य करार' ठरू शकतो. मात्र ती तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात चालत नाही, राज्य ग्राहक आयोगाकडे जावं लागतं. खराब माल किंवा रखडलेलं काम यासाठी सांगलीचा जिल्हा आयोग आहे. तुम्ही दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, तक्रार करायची मुदत 2 वर्षांची. आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा.

कर्ज मिळत असेल तर विकतच घ्या, असं माझं स्पष्ट मत. काकांनी अजून ठरवलेलं नाही, पण ती ओळ लाल पेनानं खोडून करार परत पाठवलाय.