स्मॉल कॉपरसाठी १०० मिमी मॅक्रो लेन्स: हंगामभर वापरल्यानंतर

छोट्या गोष्टी जवळून मोठ्या टिपणारी ही मॅक्रो लेन्स घेताना बऱ्याच जणांनी सांगितलं होतं, फुलपाखरांसाठी १८० मिमीच घे, १०० मिमीने जवळ जावं लागतं आणि ती उडून जातात. स्मॉल कॉपर या छोट्या तांबूस फुलपाखराच्या बाबतीत मला हे पटत नाही. याचा नर स्वतःच्या जागेचा पक्का असतो. उघड्या जमिनीचा तुकडा, एखादा दगड किंवा फुलाचा शेंडा धरून बसतो, समोरून जाणाऱ्या किड्यावर, अगदी मोठ्या फुलपाखरावरही धावून जातो आणि बहुतेक वेळा पुन्हा तिथेच येऊन टेकतो. त्याच्या मागे पळायचं नाही. तो उडाला की आपण त्या जागेशी बसायचं, अंतर लावून ठेवायचं. सावली मात्र त्या जागेवर पडता कामा नये.

पंखांचा विस्तार साधारण ३ सेंटिमीटर. म्हणजे १:१ वर (सेन्सरवर प्रतिमा खऱ्या आकाराएवढी पडते तेव्हा) फुल फ्रेम सेन्सरची चौकट जवळपास भरते आणि लेन्सचं टोक फुलपाखरापासून वीतभरही लांब राहत नाही. इतक्या जवळ लेन्सच्या तोंडावरच्या हूडची सावलीच पंखांवर येते, म्हणून तो मी काढूनच ठेवतो. शिवाय एफ ८ या छिद्रमापाला फोकसची खोली, म्हणजे स्पष्ट दिसणारा पट्टा, जेमतेम १ मिमी उरते. त्यामुळे मी बहुतेक फोटो १:२ च्या, म्हणजे निम्म्या आकाराच्या, आसपास घेतो आणि नंतर कडा कापतो. ऊन खाताना फुलपाखरू पंख अर्धवट उघडून बसतं, तेव्हा दोन्ही पंख एकदम स्पष्ट येणं अवघडच. ढगामागून ऊन परत आलं की पंख जास्त पसरतात, त्या वेळी सेन्सर पंखांना समांतर धरायचा.

ऑटोफोकसबद्दल तक्रार आहे. जवळच्या अंतरावर तो मागेपुढे फिरत राहतो, तोवर फुलपाखरू गेलेलं असतं. आता फोकस हाताने लावतो आणि स्वतः किंचित पुढेमागे झुकतो. हाताची थरथर सावरणाऱ्या स्टॅबिलायझरचाही इतक्या जवळून फार भरवसा नाही, शटरचा वेग १/५०० सेकंदाच्या खाली नेत नाही.

रंगाचं वेगळंच दुखणं. पुढच्या पंखांचा तांबूस नारिंगी उन्हात इतका भडक असतो की कॅमेऱ्याचा लाल चॅनेल आधी फुटतो, म्हणजे लाल रंगातले बारकावे जातात, आणि एकूण हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघितला तर काही बिघडल्यासारखं वाटत नाही. सपाट नारिंगी डाग आला की पंखावरचा पोत गेलाच म्हणायचा. मी एक्सपोजर २/३ स्टॉप कमी ठेवतो, म्हणजे फोटो थोडा गडद घेतो, आणि रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, घेतो. काही फुलपाखरांच्या मागच्या पंखांवर निळ्या ठिपक्यांची ओळ असते, तीही यामुळे नीट उतरते. फ्लॅश लावून पाहिला, नको वाटला.

लेन्सचा खरा कस लागला तो सॉरेलच्या पानांवर. हे चुक्याच्या जातीचं झाड, मादी त्यावर एकेक अंडं घालते. छोटी अळी पानाच्या खालच्या बाजूने कुरतडते, वरचा पातळ पापुद्रा तसाच सोडते, त्यामुळे पानात आरपार दिसणाऱ्या खिडक्या तयार होतात. त्या सापडल्या की पान हळूच उलटून बघावं. हिरवी अळी हिरव्या पानावर नुसत्या डोळ्यांना चकवते, मॅक्रोमध्ये तिची कडा लगेच कळते. हिवाळा ती अळीच्याच रूपात काढते, त्यामुळे फुलपाखरं दिसेनाशी झाल्यावरही लेन्सला काम आहे. अंड्यांसाठी मात्र १:१ पुरत नाही, कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारी पोकळ एक्स्टेंशन ट्यूब लावावी लागते, आणि ती लावली की लांबचं काहीच फोकसमध्ये येत नाही.