रिचार्जेबल सेल: जास्त क्षमतेचा की चार्ज टिकवणारा?

दुकानात एए आकाराचे दोन निकेल-मेटल हायड्राइड सेल समोर येतात. एकावर २७०० एमएएच (मिलीअँपिअर-तास, म्हणजे सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप), दुसऱ्यावर २०००. हात आपसूक २७००कडे जातो आणि घरगुती वापरासाठी तिथेच बहुधा चूक होते.

जास्त क्षमतेचा साधा सेल नुसता पडून राहिला तरी आतून रिकामा होत जातो. पहिल्याच दिवशी लक्षणीय चार्ज जातो, मग रोज थोडाथोडा. उन्हाळ्यात हा वेग आणखी वाढतो. रिमोटमध्ये घातलेला असा सेल काही महिन्यांतच मान टाकतो, बटणं फारशी दाबली नसली तरी! २०००चा, चार्ज टिकवणारा सेल (सान्यो या जपानी कंपनीने २००५मध्ये आणलेला एनेलूप हे यातलं ठळक नाव) वर्षभरानंतरही बहुतांश चार्ज राखून असतो. म्हणून रिमोट, माउस, कपाटातली टॉर्च यांना हाच घ्यावा. फ्लॅश किंवा मुलांची मोटार चार्ज केल्या दिवशीच वापरून संपवणार असाल, तरच २७००चा विचार करा.

चार्जर मात्र दोन्हींना चांगलाच हवा: प्रत्येक सेल स्वतंत्रपणे तपासून थांबणारा. २००० एमएएचच्या सेलला ५०० ते १००० मिलीअँपिअरचा चार्जिंग प्रवाह ठीक. जोडीनेच चार्ज करणाऱ्या स्वस्त चार्जरमध्ये कमी रिकामा झालेला सेल आधी भरतो आणि उरलेला वेळ तापत राहतो.

नवा-जुना सेल एकत्र घालू नका. कमजोर सेल आधी संपतो, दुसरा त्यातून प्रवाह ढकलतच राहतो, त्याने कमजोर सेलचे धन-ऋण ध्रुव उलटतात आणि तो कायमचा खराब होऊ शकतो. जोड्यांवर मार्करने तारीख लिहून ठेवा.