पेटीतून वॉर्डात: जळगावच्या एका बाळांच्या हॉस्पिटलचा अनुभव
नातू ३१ आठवड्यांतच जन्मला, वजन १४०० ग्रॅम. चोपड्याहून जळगावला आणला, २३ दिवस काचेच्या उबदार पेटीत (इनक्युबेटर) होता. तिथली देखरेख चोख, पैकीच्या पैकी गुण.

रड पुढची. एका दुपारी सिस्टर म्हणाल्या, “आजी, बाळ वॉर्डात हलवतोय.” आमचे हे पेढे आणायला निघाले आणि सून रडायला लागली. वर पेटीपाशी मॉनिटर वाजायचा, म्हणजे कोणाचं तरी लक्ष होतं. इथं नुसता पंखा. पहिली रात्र तिनं बाळाच्या छातीवर हात ठेवून जागून काढली. आदल्या दिवशी वॉर्ड नुसता दाखवला असता तरी चाललं असतं. त्याचे गुण कापले.

रात्रपाळीची सिस्टर मात्र देवमाणूस. “घाबरू नको माय,” म्हणत सगळं सुनेकडूनच करून घेतलं: बाळ उघड्या छातीशी कसं धरायचं, पळीनं दूध किती सावकाश पाजायचं. श्वास २० सेकंद थांबला किंवा ओठ निळे पडले तर लगेच हाक मारायची. त्या छातीशी धरण्याला कांगारू म्हणतात. मला हसू आलं, पण पोरगं गाढ झोपलं.

घरी सोडताना एक विचाराच: डोळ्यांच्या पडद्याची तपासणी. अशा कमी दिवसांच्या बाळाची ती जन्मापासून महिन्याच्या आत व्हावी लागते. आमच्या कागदावर कोपऱ्यात बारीक अक्षरात होती.

कॅन्टीनची खिचडी पाणचट. डबा घरून न्या.