तीन वर्षांनी ब्रश हातात घेतला, तो या कागदामुळे
तीन वर्षं रंगांची पेटी उघडलीच नव्हती, कोरा कागद बघितला की हातच आखडायचा. रत्नागिरीच्या बाजारात एका स्टेशनरीवाल्या काकांनी ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, कॉटन पेपर (जलरंगांसाठीचा कापसाचा कागद) दिला, म्हणाले, चित्र राहू दे, आधी नुसतं पाणी सोडून बघ. घरी येऊन ओल्या कागदावर थोडा निळा सोडला तर तो कडेकडेनं असा पसरत गेला की भाट्याची खाडीच दिसायला लागली आणि मी रात्री अकरापर्यंत जागची उठलेच नाही! साधा कागद पटकन सुकतो, फुगतो, यावर ओल टिकते म्हणून घाई होत नाही. महाग आहे, पण सुट्टा मिळतो. पावसाळ्यात मात्र हवाबंद पिशवीतच ठेवा, आपल्याकडच्या दमट हवेत बुरशी धरते, मग रंग ठिपक्याठिपक्यांनी शोषला जातो, माझा जुना गठ्ठा असाच गेला.