क्वांटम एस्प्रेसो: फुकटात लय भारी, फक्त बँड गॅप जपून

4 स्टार. मटेरियलमधल्या इलेक्ट्रॉनचं गणित कॉम्प्युटरवर सोडवणारं हे सॉफ्टवेअर. कापलेला एक स्टार खरं तर त्याचा नाहीच, त्यातल्या पीबीई नावाच्या अंदाजी सूत्राचा आहे.

कोल्हापुरात फिजिक्समध्ये पीएचडी करणारा भेटला की निम्म्या वेळा थिन फिल्मवालाच निघतो, मी पण त्यातलाच, झिंक ऑक्साइडवाला. पेपर तपासणाऱ्या रेफरीनं डीएफटी (इलेक्ट्रॉनच्या घनतेवरून केलेलं क्वांटम गणित) मागितलं म्हणून राजारामपुरीतल्या रूमवर जुन्या डेस्कटॉपला लिनक्स टाकून हे चढवलं. लायसन्सचा एक रुपया नाही, कोड सगळा उघडा, आणि वर्ट्झाइटचा (झिंक ऑक्साइडची क्रिस्टल रचना) युनिट सेल, म्हणजे परत परत येणारा तुकडा, चारच अ‍ॅटमचा, त्यामुळं साधा पीबीई रन असल्या मशीनवर पण निघतो.

मला सगळ्यात आवडली ती आउटपुट फाइल. उद्गारचिन्हवाली टोटल एनर्जीची ओळ सगळेच ग्रेप करतात (शोधून काढतात), पण तिच्या खाली वन-इलेक्ट्रॉन, हार्ट्री (इलेक्ट्रॉनांचं एकमेकांना साधं ढकलणं), एक्ससी (एक्स्चेंज-कोरिलेशन), एवाल्ड (आयनांचं आपसातलं) असा सगळा हिशोब वेगवेगळा छापलेला असतो तो कोण बघत नाही. बघा राव. डीएफटीची समीकरणं मांडणाऱ्या कोन आणि शॅमनी 1965 ला जे जे अवघड ते सगळं त्या एक्ससीत टाकलं, सेम स्पिनचे इलेक्ट्रॉन एकमेकांना टाळतात ते एक्स्चेंज, त्याच्यावर एकमेकांना चुकवत फिरतात ते कोरिलेशन. बाकी टर्मची सूत्रं पक्की, अंदाजपंचे कारभार काय तो इथंच.

आता तक्रार. 1996 चं पीबीई लॅटिसला (क्रिस्टलच्या मापांना) एक-दोन टक्क्यात बसतं, त्यात वाद नाही, पण बँड गॅप (भरलेल्या आणि रिकाम्या लेव्हलमधलं ऊर्जेचं अंतर) देतं 0.8 ईव्हीच्या (इलेक्ट्रॉन व्होल्ट) आसपास आणि फिल्म यूव्ही-व्हिजला (प्रकाश किती शोषला ते मोजायचं मशीन) दाखवते 3.3! हार्ट्री टर्ममध्ये इलेक्ट्रॉन स्वतःलाच ढकलत असतो, खरं एक्स्चेंज ते पूर्ण कापतं, पीबीई अर्धवट कापतं, मग झिंकचे 3डी (3d ऑर्बिटलचे) लेव्हल नको तेवढे वर येतात, ऑक्सिजनच्या 2पी ला वर रेटतात आणि गॅप आवळतो. तेवढंच कारण नाही म्हणा, साध्या सिलिकॉनला पण 1.1 च्या जागी 0.6 च येतो.

एचएसई या हायब्रिड सूत्रात, म्हणजे पीबीईत खरं एक्स्चेंज मिसळलेल्या सूत्रात, 25 टक्के खरं एक्स्चेंज (तेही जवळच्या अंतरापुरतं), गॅप 2.5 पर्यंत चढतो, पण रन इतका रेंगाळतो की विचारू नका. वर हायब्रिडला नेहमीसारखा एनएससीएफ (तयार घनता धरून नंतर बँड काढायचा वेगळा रन) चालत नाही. झिंक ऑक्साइडचा गॅप गॅमा पॉइंटलाच (के-स्पेसच्या मध्यालाच) डायरेक्ट असतो म्हणून शिफ्ट न केलेल्या के-पॉइंट ग्रिडवर, ज्यात गॅमा येतोच, एससीएफमध्येच (घनता जुळेपर्यंत फिरणारा मूळ रन) भागतं, फक्त एनबँड (किती बँड काढायचे ते सेटिंग) वाढवून रिकामे बँड घ्या, नाहीतर वरची लेव्हल छापतच नाही. काही जण झिंकवर यू (लेव्हल सरकवायला हातानं टाकायची दुरुस्ती) लावतात, नाही पुरलं की ऑक्सिजनवर पण लावतात आणि 3.4 आलं की थांबतात, हे म्हणजे मागचं उत्तर बघून गणित सोडवणं झालं, मला पटत नाही.

ग्राफाइटसारखं थरांचं मटेरियल असेल तर डी3 (थरांमधली कमजोर व्हॅन डर वाल्स ओढ धरणारी दुरुस्ती) लावाच, नुसतं पीबीई थर धरूनच ठेवत नाही.

आणि एचएसई रात्रीचं लावणार असाल तर आधी यूपीएस घ्या, पावसाळ्यात आमच्याकडं लाइटचा काय भरोसा नाही.