नेपाळ की भूतान? आधी कुठलं?

हिशेबापासूनच सुरुवात करू, कारण घराघरांत चर्चा तिथेच अडते. भूतानमध्ये भारतीय पर्यटकाला माणशी, दर रात्रीचे १२०० रुपये सरकारी शुल्क भरावं लागतं. हॉटेल, गाडी, जेवण हे सगळं त्याच्यावर. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मं, त्याहून लहानांना माफ. म्हणजे आई-बाबा, एक आठ वर्षांचं आणि एक दहा वर्षांचं असं चौकोनी कुटुंब सहा रात्री राहिलं, तर २१,६०० रुपये नुसते शुल्कात गेले. नेपाळमध्ये असं काही नाही. व्हिसा आपल्याला दोन्हीकडे लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. भूतानसाठी प्रवेश परवाना मात्र काढावा लागतो. आधार कार्डाच्या भरवशावर निघू नका.

हे शुल्क भूतानने उगाच लावलेलं नाही. गर्दी नकोच, हे तिथलं ठरलेलं धोरण. देश केरळपेक्षा जरासा लहान आणि वस्ती आठ लाखांच्या आत. आपल्या सोलापूर शहरात याहून जास्त माणसं राहतात. किमान ६० टक्के जमीन जंगलाखाली राहिलीच पाहिजे असं त्यांच्या राज्यघटनेत लिहिलंय आणि प्रत्यक्षात ते प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास आहे. टीव्ही आला १९९९मध्ये. राजधानी थिंपूत आजही सिग्नल नाहीत. मुख्य चौकात पोलीस हातवारे करून वाहनं सोडतो. सिग्नल एकदा लावून पाहिला होता, लोकांना आवडला नाही, काढून टाकला.

नेपाळ याच्या अगदी उलट. २०२१च्या जनगणनेनुसार वस्ती २ कोटी ९२ लाखांच्या घरात, भाषा १२४. तराईत समुद्रसपाटीपासून जेमतेम ६० मीटरवर भातशेती, आणि त्याच देशात ८८४८.८६ मीटरचं सगरमाथा, म्हणजे आपलं एव्हरेस्ट. गोंगाट, धूळ, हॉर्न, देवळातल्या घंटा, सगळं एकत्र. काठमांडूत उतरल्यावर पहिले दोन तास ‘हे कुठे आलो आपण’ असं वाटलं तर दचकू नका.

पण मराठी माणसाला नेपाळमध्ये एक सोय आहे, जिचा उल्लेख टूर कंपन्यांच्या पत्रकात नसतो. पाट्या वाचता येतात. नेपाळी देवनागरीतच लिहितात. ‘पसल’ म्हणजे दुकान आणि ‘चिया’ म्हणजे चहा, एवढं कळलं की अर्धा रस्ता समजायला लागतो. फसगतही होते म्हणा. ‘खाजा’ची पाटी पाहून जत्रेतल्या गोड खाजाच्या आशेने आत शिरलात तर समोर नाश्ता येईल. आणि देव तर ओळखीचेच. आपल्या देवघरातला शाळिग्राम मुळात नेपाळमधल्या काली गंडकीच्या पात्रातला. त्याच खोऱ्याच्या वरच्या अंगाला, ३७०० मीटरवर मुक्तिनाथ आहे. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर तिथे तिहार चालू असतो: पहिल्या दिवशी कावळ्याची पूजा, दुसऱ्या दिवशी कुत्र्याची, मग गाय आणि लक्ष्मी, आणि शेवटी भाईटीका, म्हणजे आपली भाऊबीजच. गळ्यात झेंडूची माळ आणि कपाळावर टिळा लावून रस्त्यात ऐटीत बसलेली कुत्री पाहायची असतील, तर निर्णय इथेच झाला.

भूतानमध्ये ही ओळख मिळत नाही. भाषा जोंगखा, लिपी तिबेटी वळणाची. पुरुष गुडघ्यापर्यंतचा ‘घो’ घालतात, बायका पायघोळ ‘किरा’, आणि सरकारी कचेरीत तोच पोशाख लागतो. मात्र अडत काही नाही: हिंदी बऱ्याच जणांना कळते आणि आपली नोट दुकानात चालते, कारण तिथलं नुल्त्रम भारतीय रुपयाच्या बरोबरीला बांधलेलं आहे. (नेपाळचा दर १ रुपयाला १.६०, पण आपल्या मोठ्या नोटांचे तिथले नियम बदलत राहतात, शंभराच्या नोटा जवळ ठेवा.)

जेवणाची काळजी शाकाहाऱ्यांना जास्त. नेपाळचं डाळ-भात-तरकारी आपल्या पोटाला परकं नाही. भूतानचं एमा दात्शी म्हणजे चीजमध्ये शिजवलेल्या मिरच्या. आपण मिरची तोंडी लावायला घेतो, ते तिची भाजी करून लाल भाताबरोबर खातात. कोल्हापूरकरांनीही पहिला घास जपूनच घ्यावा. मुलांसाठी बटाट्याचं केवा दात्शी मागवा.

चालायची, चढायची हौस असेल तर मला फार विचार करायची गरज वाटत नाही: नेपाळ. जगातल्या आठ हजार मीटरवरच्या चौदा शिखरांपैकी आठ नेपाळमध्ये किंवा त्याच्या सीमेवर आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी जाणाऱ्या वाटांवर गावोगावी मुक्कामाची सोय आहे. भूतानने नेमकं उलटं केलं. त्यांचं सर्वांत उंच शिखर गांखर पुएनसुम ७५७० मीटरचं, अजून कुणीच सर न केलेलं, कारण २००३पासून तिथे गिर्यारोहणच बंद आहे. शिखरांवर देवांचा वास आहे अशी श्रद्धा. भूतानमध्ये सर्वसाधारण पर्यटक जी चढाई करतो ती पारोजवळच्या ताक्त्सांग मठाची, कड्याला चिकटलेला, १६९२मध्ये बांधलेला, १९९८मध्ये जळून पुन्हा उभारलेला. ३१२० मीटरवर आहे. अर्ध्या वाटेपर्यंत घोडा मिळतो, पुढे पायीच. सिंहगड दमानं चढणाऱ्याला जमेल, पण हवा विरळ असते हे धरून चला.

आई-वडील बरोबर असतील तर? पशुपतिनाथ, लुंबिनी, पोखरा ही त्यांच्या मनातली यादी. पण नेपाळचे रस्ते अंग मोडतात. काठमांडू ते पोखरा दोनशे किलोमीटरला अख्खा दिवस जाऊ शकतो, आणि पावसाळ्यात दरडी. हे अंतर विमानाने करा, पैसे तिथे घाला. भूतानमध्ये घाट आहेतच, पण दिवसाचा प्रवास बेताचा असतो. थिंपूहून पुनाखाला जाताना दोचुलाच्या खिंडीत १०८ चोर्तेन, म्हणजे छोटे स्तूप, आणि उतरलात की दोन नद्यांच्या संगमावरचा पुनाखा जोंग, म्हणजे किल्ल्यासारखा मठ. ताक्त्सांग गाळून नुसतं एवढं पाहिलं तरी म्हातारी माणसं खूश होतात.

‘सुखी लोकांचा देश’ या जाहिरातीला भुलून मात्र भूतान निवडू नका. १९९०च्या दशकात तिथल्या एक लाखाहून अधिक नेपाळी भाषकांना, ल्होत्शाम्पांना, देश सोडावा लागला. ते वर्षानुवर्षं पूर्व नेपाळमधल्या छावण्यांत राहिले आणि २००७नंतर बहुतेक जण अमेरिकेसारख्या देशांत वसवले गेले. गंमत अशी की २००८ या एकाच वर्षी नेपाळने राजेशाही मोडीत काढली आणि भूतानमध्ये राजघराण्याने स्वतः होऊन संसद निवडून आणायला लावली. नेपाळमध्ये तेव्हापासून सरकारं पटापट बदलतात. सप्टेंबर २०२५मध्ये तरुणांच्या आंदोलनात सरकार कोसळलं. तिकिटं काढण्याआधी आठवडाभराच्या बातम्या जरूर वाचा. भूतानमध्ये ही धास्ती कमी.

माझं मत विचाराल तर आधी नेपाळ, निदान आठ-नऊ दिवस. भूतान दमलेल्या माणसांसाठी, पाच-सहा दिवस, हातात पैसे जरा मोकळे असताना. हवेसाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा मार्च-एप्रिल. दशैंच्या, म्हणजे तिथल्या दसऱ्याच्या, मुख्य दिवसांत मात्र काठमांडू ओस पडतं, अर्धं शहर गावी गेलेलं असतं. भूतानला स्वस्तात जायचं तर रेल्वेने हासिमारा, तिथून जयगाव, आणि वेशीतून चालत फुंत्शोलिंग. पण मग पारोला विमान उतरताना दोन्ही बाजूंना डोंगर जवळ येतात ते हुकतं. नेपाळला उतरल्यावर घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा, भूतानला अर्धा तास. आणि दिल्लीहून विमान धरणार असाल तर दोन्ही देशांसाठी खिडकी डाव्या बाजूची मागा, हिमालय त्या अंगाला असतो.