स्प्रिंग एमव्हीसीचे फ्लॅश ॲट्रिब्यूट: एका रिडायरेक्टपुरता भरवशाचा निरोप्या

जावाच्या स्प्रिंग एमव्हीसी या वेब फ्रेमवर्कमध्ये फॉर्म पोस्ट झाला, नोंद डेटाबेसमध्ये गेली. आता यादीच्या पानावर ‘नोंद जतन झाली’ एवढंच दाखवायचंय. रिक्वेस्टमध्ये सेटॲट्रिब्यूटने ठेवलेला डेटा फॉरवर्डपर्यंत, म्हणजे तीच रिक्वेस्ट सर्व्हरच्या आत पुढे सोपवेपर्यंत, टिकतो. रिडायरेक्टला ब्राउझर नवी रिक्वेस्ट पाठवतो आणि तिथे नल मिळतो. सेशनमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या त्या वापरकर्त्याच्या साठ्यात, ठेवला आणि काढायचा राहिला, तर तोच संदेश पुढे भलत्याच पानावर झळकतो. २०११ मध्ये स्प्रिंग ३.१ सोबत आलेलं रिडायरेक्टॲट्रिब्यूट्स (फ्लॅश ॲट्रिब्यूट त्यातच ठेवतात) हे दुखणं नेमकं दूर करतं.

वापर सोपा आहे. पोस्ट मेथडला हा पॅरामीटर द्या, ॲडफ्लॅशॲट्रिब्यूटने संदेश टाका आणि ‘रिडायरेक्ट:’ लावून पाथ परत करा. पुढच्या गेट मेथडच्या मॉडेलमध्ये, म्हणजे पानाला मिळणाऱ्या डेटात, तो आपोआप येतो. साठवण सेशनमध्येच होते, पण सोबत पुढच्या पानाचा पाथ नोंदलेला असतो. त्यामुळे मध्येच एखादी अजॅक्स रिक्वेस्ट (पान न बदलता मागून जाणारी) आली तरी निरोप सहसा तिच्या हाती पडत नाही. कोणी नेलाच नाही, तर १८० सेकंदांनी तो बाद होतो. मात्र रिस्पॉन्सवर स्वतः सेंडरिडायरेक्ट मारलं, तर फ्लॅशमधलं काहीच जतन होत नाही. संदेश गायब झाला की आधी हे तपासा.

ॲडॲट्रिब्यूट वेगळं. ते व्हॅल्यूची स्ट्रिंग करून यूआरएलला जोडतं. आयडी किंवा पान क्रमांकासाठी उत्तम. मोबाइल नंबर तिथे कधीच नको, तो सर्व्हरच्या ॲक्सेस लॉगमध्ये जाऊन बसतो.

खरी कसोटी चुकलेला फॉर्म रिडायरेक्ट करून परत दाखवताना लागते. नुसता ‘ग्राहक’ ऑब्जेक्ट पाठवून भागत नाही. फॉर्ममधल्या चुका धरून ठेवणारा बाइंडिंगरिझल्टही पाठवावा लागतो, आणि त्याच्या कीमध्ये बाइंडिंगरिझल्टचंच पॅकेजसह पूर्ण नाव, मग टिंब, मग ‘ग्राहक’ हवं. शिवाय गेट मेथडमध्ये कंटेन्सॲट्रिब्यूटने ‘ग्राहक’ आधीच आहे का ते पाहायचं. न पाहता नवा ऑब्जेक्ट टाकला, तर भरलेली माहितीही जाते आणि चुकांचे संदेशही. एवढा खटाटोप बहुतेक ठिकाणी नकोच: चूक असेल तर रिडायरेक्ट न करता फॉर्मचा व्ह्यू थेट परत करावा, रिडायरेक्ट फक्त यशस्वी झाल्यावर.

लोड बॅलन्सरमागे (रिक्वेस्ट वाटून देणाऱ्या यंत्रणेमागे) दोन सर्व्हर असतील, तर स्टिकी सेशन (एका वापरकर्त्याला कायम एकच सर्व्हर) किंवा स्प्रिंग सेशनसारखी सामायिक साठवण लागेल, आणि सेशन बाहेर साठवताना त्यातले ऑब्जेक्ट सहसा सिरियलायझेबल, म्हणजे बाइट्समध्ये बदलता येणारे, हवेत. आम्ही तर फ्लॅशमध्ये शक्यतो स्ट्रिंगच ठेवायला सांगू.

तीन-चार पानांच्या अर्जासाठी हे वापरू नका. पान रिफ्रेश केलं की डेटा संपला. तिथे सेशनॲट्रिब्यूट्स ॲनोटेशन घ्या आणि शेवटच्या पायरीला सेशनस्टेटसचं सेटकम्प्लीट न विसरता बोलवा.